‘मनात तसं काही नव्हतं’ म्हटल्यावर पुढं काय बोलायचं?

सिद्दी म्हटलं की आपल्याकडं आधी पन्हाळ्याचा वेढा आठवतो. १६६० साल, सिद्दी जौहर, पावनखिंड. मग जंजिरा. बेळगावात वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ निघतात, त्यांत एखाद्या रथावर पन्हाळा असतो आणि जौहरच्या सैन्यातली पोरं तोंडाला काजळी फासून, डोळे वटारून उभी असतात. बघणारे हसतात, पोरंही हसतात. त्याच गर्दीत लोंढ्याकडून नाहीतर हल्याळकडून कामाला आलेला एखादा सिद्दी उभा असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे वंशज, पण आपल्या लेखी सिद्दी हा बखरीतला माणूस. प्रत्यक्षात तो खानापूर तालुक्यात राहतो, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात राहतो, धारवाड जिल्ह्यात कलघटगीच्या बाजूला राहतो. बाजाराला आला की आपल्याच एसटीत शेजारी बसतो.

ज्याचा रंग, केस, चेहरा आपल्याहून वेगळा आहे अशा शेजाऱ्याशी वंशभेदाबद्दल बोलायचं कसं, हे इथं समजून घेऊ. अमेरिकेतले गोरे-काळे, दक्षिण आफ्रिका, असली उदाहरणं लांबची म्हणून सोपी वाटतात. खानापूरचं उदाहरण जवळचं आहे, म्हणून जड जातं.

आधी हे लोक इथं आले कसे ते बघू. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं धरून आणून विकायचा धंदा अरब व्यापाऱ्यांनी केला, पुढं पोर्तुगिजांनी केला. काही जण खलाशी आणि शिपाई म्हणूनही आले. गोव्यात पोर्तुगिजांच्या घरी राबणाऱ्या गुलामांपैकी कितीतरी जण संधी साधून घाट चढले आणि जंगलात शिरले. आजच्या उत्तर कन्नड, बेळगाव, धारवाडमधले सिद्दी बरेचसे त्यांचे वंशज. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. घरात बोलतात ती कोंकणी, तीत मराठी आणि कन्नड कालवलेलं. खानापूरच्या माणसाला ती समजायला दुभाष्या लागत नाही. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या साथीदारांत गजवीर नावाचा सिद्दी होता, असं इकडच्या लोककथा सांगतात. २०२० साली शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले. या समाजातून आमदार झालेले ते पहिले.

इतिहासातूनच ओळख करून घ्यायची तर मलिक अंबरपासूनही घेता आली असती. इथिओपियात जन्मलेला, पोरवयात विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनेत पोचलेला हा माणूस पुढं निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. त्यानं गनिमी काव्यानं मोगलांना वर्षानुवर्षं दमवलं, १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले. चित्ररथावर त्याला जागा मिळालेली मी तरी पाहिलेली नाही. एकाच मुलखातून आलेल्या लोकांपैकी कोणता आठवायचा आणि कोणता विसरायचा, हे ठरलं की पुढचं बरंच काही आपोआप ठरतं.

आता थोडं शरीरशास्त्र, कारण यातली निम्मी भांडणं अज्ञानावर उभी असतात. कातडीचा रंग ठरतो मेलॅनिन नावाच्या द्रव्यावरून. कडक उन्हातले अतिनील किरण शरीरातलं फोलेट नावाचं जीवनसत्त्व नासवतात, म्हणून विषुववृत्ताजवळच्या लोकांना जास्त मेलॅनिन उपयोगी पडलं. उत्तरेकडं ऊन कमी, आणि ड जीवनसत्त्व बनायला तर ऊन लागतं, म्हणून तिकडं फिकी कातडी टिकली. हिशेब एवढाच. कोणतीही दोन माणसं घ्या, त्यांचा जनुकीय मजकूर सुमारे ९९.९ टक्के सारखाच निघतो. शिवाय सगळ्यांत जास्त जनुकीय विविधता खुद्द आफ्रिकेतच आहे, म्हणजे ‘आफ्रिकन’ असा एकच साचा काढायला गेलात तर तो तिथंच मोडतो. युनेस्कोनं १९५० सालीच जगभरच्या शास्त्रज्ञांना बसवून सांगितलं होतं की वंश ही जीवशास्त्रापेक्षा समाजानं घडवलेली गोष्ट आहे.

शास्त्र असं बाजूला झालं तरी वंशभेद राहतोच, कारण तो चालतो माणसांच्या वागण्यावर. त्याचे थर वेगवेगळे असतात. एक उघड द्वेषाचा, तो ओळखायला अवघड नाही. दुसरा सवयीचा: चेष्टा, टोपणनाव, टक लावून बघणं, घर भाड्यानं देताना ऐन वेळी ‘पाहुणे यायचेत’ म्हणणं. तिसरा कागदाचा आणि कचेरीचा, त्यात कुणीही वाईट माणूस नसतो आणि तरी दाखला मिळत नाही. बोलताना घोटाळा होतो तो इथंच. एक जण दुसऱ्या-तिसऱ्या थराबद्दल बोलत असतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्यावर पहिल्याचा आरोप झाला.

खानापूर स्टँडजवळचं मोबाईलचं कुठलंही दुकान डोळ्यांपुढं आणा. एकोणीस-वीस वर्षांचा सिद्दी पोरगा सिमकार्ड घ्यायला आलाय. दुकानदार त्याच्याकडं बघून इंग्रजीत विचारतो, “व्हिच कंट्री?”

“खानापूर तालुका, काका.” पोरगा आधार कार्ड काउंटरवर ठेवतो. पिनकोड ५९१ नं सुरू होणारा, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातला.

“आयला, मराठी येतंय की तुला! मला वाटलं नायजेरियाचा हाय.” दुकानदार हसतो, बाकड्यावर बसलेले दोघं हसतात. त्यातला एक उठून पोराच्या केसांना हात लावून बघतो. “स्प्रिंग हाय की रे!” पोरगाही हसतो, सिम घेतो, जातो.

शेजारच्या दुकानातल्या सतीशनं हे बघितलंय आणि त्याला ते खटकलंय. तो दुसऱ्या दिवशी म्हणतो, “काय ओ मामा, तुम्ही पण वर्णभेद करायला लागलासा व्हय?” झालं, इथं बोलणं संपलं. कारण मामांचं उत्तर तयार असतं: “मी? अरे आमच्या शेतावर सिद्दीच हायत कामाला. पंगतीला बसवतो त्यांना आम्ही. मनात तसलं काय पण नव्हतं.” आता सतीश काय बोलणार? मामांचं मन उघडून तर बघता येत नाही.

तोच सतीश दुसऱ्या रीतीनं बोलला तर?

“मामा, काल त्या पोराला देश कुठला म्हणून विचारलासा न्हवं?”

“व्हय. वाटलं परदेशी हाय. चुकलं जरा.”

“त्याला दिवसातनं असं किती जण विचारत असतील?”

“विचारत असतील की. दिसतोयच तसा.”

“जन्मला इथं, आजा-पणजा इथला. आणि तुमचं गिऱ्हाईक, त्याच्या केसाला हात लावला बाकड्यावरच्यानं, तुम्ही काय बोलला न्हाईसा.”

“गंमत केली त्यानं.”

“दुकान तुमचं हाय मामा.”

मामा थोडा वेळ मोबाईल पुसत बसतात. मग म्हणतात, “बघू.”

एवढंच. डोळ्यांत पाणी नाही, हृदयपरिवर्तन नाही. पण पहिल्या बोलण्यात मामा आपण कसला माणूस आहोत याचा बचाव करत होते आणि दुसऱ्यात काल काय घडलं याबद्दल बोलत होते. माणूस कसा आहे यावर वाद घातला तर तो संपत नाही. काय घडलं, कुणी काय केलं, कोण गप्प बसलं, यावर बोललं तर निदान दोघं एकाच गोष्टीकडं बघत असतात. ‘मनात काही नव्हतं’ हे खरंही असेल, ते नाकारायची गरज नाही. मामांच्या मनात काही नव्हतं, आणि पोराच्या केसाला हात लागला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पोरगा हसला ना मग, असं कुणी म्हणेल. त्याला सिम हवं होतं. चौघांच्या मधी उभं राहून, उशीर झाल्यावर शेवटची बस धरायची असताना, हसून मोकळं होणं हा सगळ्यांत स्वस्त मार्ग असतो. त्याला सगळ्यांसमोर “काय रे, वाईट वाटलं काय?” असं विचारलं तर तो “नाही” म्हणणार, आणि त्या ‘नाही’ची पावती आपण आयुष्यभर खिशात बाळगणार. विचारायचंच असेल तर एकट्यात, ओळख असेल तर, आणि उत्तर न देण्याची मुभा ठेवून. शिवाय एका पोरानं अख्ख्या समाजाच्या वतीनं का बोलावं? आपल्याला कुणी ‘तुम्हा मराठी लोकांचं म्हणणं काय’ असं विचारलं तर आपणही म्हणतो, कुणाचं सांगू, महाराष्ट्र एकीकरण समितीवाल्यांचं का माझ्या चुलत्याचं?

आता सीमाभागात हमखास निघणारा मुद्दा: ‘अन्याय तर आमच्यावर पण झालाय की.’ झालाय. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मुंबई राज्यातला हा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, लोकांना विचारलं नाही. १९६६ मध्ये या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला, १९६७ मध्ये अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. जमिनीचा उतारा कन्नडमधून येतो, तो वाचून घ्यायला आमच्या म्हाताऱ्यांना कुणाला तरी गाठावं लागतं. कचेरीत मराठी बोललं की ‘महाराष्ट्रात जावा’ असं ऐकणारे हजारो असतील. १ नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला मराठी लोकांचा काळा दिन. आपल्याच घरात आपल्याला परकं ठरवलं जातं, ही भावना काय असते हे बेळगावच्या मराठी माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

हा अनुभव म्हणजे सिद्दी शेजाऱ्याच्या घराकडं जाणारी पायवाट आहे. पण त्या वाटेनं जाऊन लोक उंबऱ्यावरच ठाण मांडतात आणि आपलीच कहाणी सुरू करतात. तो सांगतोय की बसमध्ये शेजारची सीट रिकामी असली तरी माणसं उभी राहतात, आणि आपण म्हणतोय, ‘अरे आमच्या तर मराठी बोर्डाला काळं फासतात.’ मग तो गप्प बसतो. आपल्याला वाटतं, चांगलं बोलणं झालं.

फरक साधा आहे. मी कंडक्टरशी कन्नडमध्ये बोललो की त्या प्रवासापुरता माझा प्रश्न मिटतो. सिद्दी माणूस कन्नड, मराठी, कोंकणी तिन्ही अस्खलित बोलतो आणि तरी त्याला ‘निम्म ऊरु यावुदु?’ (तुमचं गाव कुठलं?) हे विचारलं जातंच, नाहीतर थेट पासपोर्टच. चेहरा खुंटीला टांगून बाहेर पडता येत नाही. दुसरं म्हणजे, मराठी माणूस कचेरीत कमजोर असेल, पण गावात जमीन कुणाची आणि मजुरी कोण करतो हे बघितलं तर सिद्द्यांच्या संदर्भात तो बहुतेक वेळा वरच्याच पायरीवर असतो. ज्या पायरीवर आपण अन्याय सोसतो ती एक, आणि ज्या पायरीवरून आपण तो करतो ती दुसरी. दोन्हींवर एकच माणूस उभा असतो, यात नवल काही नाही.

तरीही दोघांना एकत्र आणणारी एक गोष्ट आहे, आणि ती मला दुःखाच्या तुलनेपेक्षा फार मोलाची वाटते. ती म्हणजे कागदावरची रेघ. २००३ मध्ये सिद्द्यांना अनुसूचित जमातीत घेतलं, पण फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यापुरतं. म्हणजे हल्याळकडचा सिद्दी आदिवासी, आणि रेघेच्या अलीकडं खानापुरात नांदायला आलेली त्याची बहीण, तिची पोरं, यांची गणना निराळी. तेच घराणं, तोच चेहरा, तीच बोली. शिष्यवृत्ती मात्र जिल्ह्याप्रमाणं. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्द्यांचा यादीत समावेश व्हायला संसदेत दुरुस्ती करावी लागली, ती २०२० मध्ये झाली. मधली सतरा वर्षं गेली. नकाशावर ओढलेल्या रेघेनं घर दुभंगणं हे सीमाभागातल्या माणसाला एका वाक्यात कळतं, भाषण लागत नाही. बोलायला सुरुवात करायची तर इथून करावी.

आणि इथून केली की एक अडचणीचा प्रश्नही येतो, तो टाळू नये. ‘बेळगाव, कारवार, बिदर, भालकी, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा आपण लहानपणापासून दिली. महाराष्ट्र मागतो त्या आठशेहून अधिक गावांत हल्याळ आणि सुप्याकडचीही गावं येतात. तिथल्या सिद्द्यांना कुठल्या राज्यात राहायचंय, हे आपण कधी विचारलंय? आपल्याला न विचारता रेघ ओढली ही आपली तक्रार आहे. ती खरी असेल तर हा प्रश्न आपल्यालाही लागू होतो. माझ्या मते सीमालढ्यानं तो उघडपणे घ्यावा, लढा त्यानं कमकुवत होणार नाही.

मराठीत अशी तुलना करणारे पूर्वी झालेत, आणि त्यांनी ती कशी केली हे बघण्यासारखं आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी झटणाऱ्यांना. डॉ. आंबेडकर १९२५ च्या एप्रिलमध्ये बहिष्कृतांच्या परिषदेसाठी आपल्या निपाणीत आले होते. पुढं १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या काळ्यांची स्थिती फार सारखी आहे एवढं सांगून ते थेट कामावर आले: काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडं निवेदन दिल्याचं वाचलं, त्याच्या दोन-तीन प्रती मिळतील का? कुणाचं दुःख मोठं याचा हिशेब त्या पत्रात नाही. तुमचा अर्ज कसा लिहिलाय ते दाखवा, आम्हालाही लिहायचाय, असा तो मामला. इथं हेही सांगायला हवं की ‘मराठी माणूस’ हा काही एकसंध गोळा नाही. निपाणीचा दलित कामगार आणि सिद्दी यांचं बोलणं वेगळं होईल, खानापूरचा मराठा शेतकरी आणि सिद्दी यांचं वेगळं. पहिल्या दोघांना बरंचसं न सांगता कळेल.

लोक जवळ आले की पूर्वग्रह कमी होतात का, यावर मानसशास्त्रज्ञांनी खूप काम केलंय. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं की नुसतं शेजारी राहून भागत नाही. दोघं बरोबरीच्या नात्यानं भेटायला हवेत, काम सामाईक हवं, ते एकमेकांच्या मदतीनं व्हायला हवं आणि वरच्या यंत्रणेचा त्याला पाठिंबा हवा. २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा संपर्कानं पूर्वग्रह उतरतो हे बहुतांशी खरं ठरलं. मामांच्या शेतावरचे सिद्दी आणि त्यांची पंगत या कसोटीला का उतरत नाहीत, हे आता वेगळं सांगायला नको. मालक आणि मजूर यांची पंगत एक असली तरी पातळी एक नसते. त्यापेक्षा एकाच संघातून कबड्डी खेळणारी पोरं, एकाच स्वयंसहाय्य गटात हप्ते भरणाऱ्या बायका, वनहक्काच्या दाव्यासाठी एकाच ग्रामसभेत बसलेली माणसं यांच्यात बोलणं लवकर मोकळं होतं.

पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानं यात मेख मारून ठेवली. संशोधकांनी माणसांचे दोन गट केले आणि गुण वाटायचा अधिकार एकाच गटाकडं दिला. काही गटांना आपल्यात सारखं काय यावर बोलायला लावलं, काहींना फरकावर. सारखेपणावर गप्पा मारलेल्या गटांत गोडवा वाढला, आणि अधिकार नसलेल्यांना वाटायला लागलं की आता वाटणी न्यायानं होईल. ती झाली नाही. अधिकारवाल्यांनी पूर्वीसारखंच आपल्याकडं जास्त ठेवलं. म्हणजे ‘आपण सगळे एकच’ या बोलण्यानं कमजोर माणसाची सावधगिरी तेवढी सुटली, पदरात काही पडलं नाही. एकोप्याच्या कार्यक्रमात हार, नारळ, दमामाच्या तालावर सिद्दी नृत्य, आणि दुसऱ्या दिवशी दाखल्यासाठी तीच फेरी, असं जिथं जिथं होतं तिथं हा प्रयोग आठवावा. सारखेपणापासून सुरुवात करावी, पण फरकाचं बोलणं त्याच बैठकीत व्हावं.

दुसरा प्रयोग २०१६ मधला, अमेरिकेत मायामीचा. तो वंशाबद्दलचा नव्हता, तृतीयपंथी लोकांबद्दलच्या पूर्वग्रहाचा होता, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. स्वयंसेवक घरोघर गेले आणि दहाएक मिनिटं बोलले. त्यांनी भाषण दिलं नाही, तुम्हाला कधी वेगळं म्हणून वागवलं गेलं का ते सांगा, असं विचारलं आणि ऐकलं. तीन महिन्यांनीही त्याचा परिणाम टिकून होता. आपल्या सीमाभागातल्या तक्रारीचा उपयोग इथं आहे. मामांना ‘महाराष्ट्रात जावा’ कधी ऐकावं लागलं, ते त्यांच्या तोंडून आधी ऐकून घ्यावं, आणि मग सिम घ्यायला आलेल्या पोराकडं वळावं. क्रम उलटा केला तर मामा आधीच कवाडं लावून घेतात.

यातली बरीचशी बोलणी सिद्दी समोर नसतानाच व्हायला हवीत. स्थळ बघताना ‘पोरगी नाकी-डोळी नीटस हाय, रंगानं जरा डावी’ म्हणणारी आत्या, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर हबशाचे विनोद टाकणारा भाऊ, उन्हात खेळू नको सिद्दी होशील म्हणणारी आजी, ही आपली माणसं आहेत. त्यांना चारचौघांत तोडलं तर ती चिडतात, आणि नातं असल्यामुळं एकट्यात ऐकतातही. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीनं नावातलं ‘फेअर’ काढून टाकलं, कंपनीला ते जमलं. आत्याला जरा जास्त वेळ लागेल.

काही वेळा मात्र समजुतीचं बोलणं हा मार्गच नसतो. संविधानाच्या १५ व्या कलमात धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या बरोबरीनं वंशाचाही उल्लेख आहे. बेळगावातले सिद्दी आता अनुसूचित जमातीत असल्यानं त्यांना १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण आहे: अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या माणसानं चारचौघांत, अपमान करण्याच्या हेतूनं, जमातीवरून शिवीगाळ केली तर तो गुन्हा आहे. शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याला तेही कवच नाही. २०१६ मध्ये बेंगळुरूत दुसऱ्याच कुणाच्या गाडीनं अपघात झाला आणि जमावानं टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला मारहाण केली, केवळ ती काळी होती म्हणून. अशा वेळी दोन्ही बाजू समजून घेऊ म्हणणारा माणूस कुणाच्या कामाचा नसतो. फिर्याद नोंदवायला सोबत जावं लागतं, आणि साक्षीदार म्हणून नाव-पत्ता द्यावा लागतो.